वसुधाबाईंची सोवळ्यातली गाडी

टिळकवाडीत वसुधाबाई देशपांड्यांना घाबरत नाही असा माणूस एक तर कालच भाड्यानं राहायला आलेला असतो, नाहीतर शाळेत गणितात कधी नापासच झालेला नसतो. बाईंची हयात गणित शिकवण्यात गेली. नवरा गेल्यावर त्या गाडी शिकल्या, आणि दारातली जुनी पांढरी मारुती आठशे अशा ऐटीत हाकू लागल्या की दूधवालासुद्धा देवाचं नाव घेऊन गल्लीत शिरे.

गेल्या दिवाळीत ती गाडी निळा धूर सोडू लागली. गल्लीतल्या डासांचा बंदोबस्त झाला खरा, पण चढावर इंजिन नुसतं बोंबलायचं आणि गाडी जागची हलायची नाही.

थोरला आशुतोष पुण्याहून आला होता. धाकट्या निशांतचं लग्न निपाणीत ठरलेलं. आशुतोष म्हणाला, "आई, भंगारात दे हे डबडं. लग्नात शोभा नको."

"याच गाडीनं मी निपाणीला जाईन आणि परतही येईन."

"जाशील गं, जाताना उतारच आहे. येताना तवंदीचा घाट आहे. तिथं बसली, तर तिथूनच भंगारवाल्याकडे."

"आणि नाही बसली तर?"

"तर जन्मात तिचं नाव काढणार नाही."

मी बाईंचा जुना विद्यार्थी, चहाला गेलो होतो, म्हणून साक्षीदार झालो. असली बोलणी मला बरोबर चहाच्या वेळी सापडतात.

बाईंनी गाडी उद्यमबागेत कल्लाप्पा मेस्त्रीच्या शेडमध्ये नेली. त्यानं सगळं इंजिन खोललं, आतून कातून घेतलं, पिस्टन नवे, रिंगा नव्या, क्लचप्लेट नवी. चावी देताना कल्लाप्पा म्हणाला, "बाई, माझं काम झालं, आता तुमचं. नव्या रिंगा अजून बसायच्या हायत. हजार किलोमीटर जपायचं. लई पळवायची न्हाय, पण एकाच चालीनं रेंगाळवायची बी न्हाय. ओझं न्हाय घालायचं. आणि क्लच गावातल्या गर्दीत रुळू द्या, पण त्यावर अर्धा पाय ठिवून उभं ऱ्हायचं न्हाय. गडबड माडब्याडरी, घाई करू नका!"

"अरे, एवढं तर लोक नव्या सुनेला जपत नाहीत."

"मग तिला बी जपा की. येणारच हाय."

आता आमच्याकडची रीत अशी, की गाडी नवी असो वा दुरुस्त केलेली, पहिली फेरी सौंदत्तीच्या यल्लम्माला. आणि जागा असो नसो, गल्लीतली सगळी मंडळी आत. शेजारच्या जयाबाई डबा भरून, शालू नेसून फाटकात हजर! वसुधाबाईंनी तिथंच चाकापुढं नारळ फोडला आणि म्हणाल्या, "हजार होईपर्यंत गाडीत दुसरं माणूस नाही."

"अगं बाई! गाडीला सोवळं नेसवलंस काय गं?"

झालं. त्या दिवसापासून ती 'सोवळ्यातली गाडी'.

पहाटे बाई एकट्याच खानापूरवरून लोंढ्याकडे जायच्या. मध्येच चाल वाढवायची, मध्येच कमी करायची. मागच्या ट्रकवाल्यांना वाटे, बाईंना वाटेत देवळं दिसतात. संध्याकाळी नेमक्या गर्दीच्या वेळी गाडी घेऊन गावातल्या दुसऱ्या नंबरच्या रेल्वे गेटवर. थांब, निघ, थांब, निघ. पिशवीत भाजीची एक काडी नाही. मी कट्ट्यावर एवढंच म्हणालो, "लोंढ्याला रोज कोण जातं हो?" बाकीचं गल्लीनं केलं. कुणी म्हणालं, तिकडं स्वामी भेटलेत. कुणी म्हणालं, बाई कॉर्पोरेशनला उभ्या राहणार. आठवड्यात निपाणीच्या व्याह्यांचा फोन आला, "विहीणबाई, लोंढ्याला जागा घेतलीत म्हणे?" बाईंनी माझ्याकडं असं पाहिलं की मला जुना भागाकार आठवला.

लग्नाआधी हजार पुरे झाले. कल्लाप्पानं तेल बदललं, बॉनेटवर कान ठेवला आणि म्हणाला, "बसलं. आता घाला ओझं."

लग्न झोकात झालं. परतीला जयाबाईंचा हट्ट, दिवेलागणीला सून उंबऱ्यात पाहिजे. आशुतोषच्या नव्या उंच गाडीत निशांत आणि नवरी मधुवंती. मागे आमची मारुती: स्टिअरिंगवर बाई, शेजारी मी, मागे जयाबाई आणि शेवचिवड्याचे डबे.

ऐन तवंदीत उसाच्या ट्रॅक्टरचं चाक निखळून ट्रॉली आडवी झालेली. गाड्यांची रांग चढावर मुंगीच्या चालीनं सरकत होती. आणि तेवढ्यात वास आला. करपल्याचा, नाकात झोंबणारा.

पुढच्या खिडकीतून आशुतोष ओरडला, "आई, जळाला बघ तुझा क्लच! सांगितलं नव्हतं?"

"देवीला नेलं नाहीस, भोग आता!" जयाबाईंनी हात जोडले. मीही मनात गाडीला शेवटचा नमस्कार केला.

बाईंनी हँडब्रेक ओढला, खाली उतरल्या आणि पुढं जाऊन मुलाच्या खिडकीत वाकल्या. "माझे दोन्ही पाय रस्त्यावर आहेत. तुझा डावा कुठाय रे?"

डावा होता क्लचवर, अर्धा दाबलेला. चिरंजीवांनी अख्खा घाट गाडी त्यावरच तोलून धरली होती! रांग हलली तशी त्यांनी रेस दिली. इंजिन गरजलं, गाडी मात्र उलटी आमच्याकडं सरकू लागली. त्यांनी कचकन ब्रेक दाबला आणि टोचनवाल्याला फोन लावला.

"जयाबाई, सरका," वसुधाबाई म्हणाल्या. "मधुवंती, ये गं. निशांत, डबे मांडीवर घे."

पाच माणसं, पाच डबे आणि समोर उभा चढ. हँडब्रेक सोडताना त्या गाडीनं एक बोटभरही मागं पाऊल घेतलं नाही. इंजिन नुसतं गुणगुणत होतं. ट्रॉलीला वळसा घालून वर निघालो, तर मागच्या ट्रकवाल्यांनी वरातीसारखे हॉर्न वाजवले. जयाबाई ओरडल्या, "उदो उदो!"

दिवेलागणीला सून उंबऱ्यात. नाव घ्यायला सांगितलं, तर पोरगी अशी वस्ताद,

"तवंदीच्या घाटात हटून बसली मोठी गाडी,
निशांतरावांचं नाव घेते, सासूबाईंच्या मारुतीत चुरगळली साडी!"

जयाबाई लगेच तिच्या हातात पाण्याची घागर द्यायला निघाल्या. बाईंनी ती मध्येच काढून घेतली. "हजार किलोमीटर होईपर्यंत हिच्यावर ओझं घालायचं नाही!"

आशुतोषची गाडी टोचन लावून थेट कल्लाप्पाच्या शेडमध्ये गेली. ती खोललेली असतानाच पुढच्या मंगळवारी आम्ही सौंदत्तीला निघालो, सगळी गल्ली, मारुतीत. आशुतोष मागे दाराला चेपून, मांडीवर जयाबाईंचा पोळ्यांचा डबा. मी विचारलं, "काय रे, गाडी कशी वाटते?"

पोरगा शब्दाचा पक्का निघाला. गाडीचं नाव काढलं नाही.