पट्टीवरचं नाव

"काल आपोआप आत जात होतं, आज मेलं पुन्हा पासवर्ड विचारतंय," वॉर्डातल्या नंदा सिस्टर कुणाला तरी सांगत होत्या. ते काम माझं होतं. हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवर पासवर्ड आपोआप भरला जावा म्हणून मी प्रोग्रामला स्क्रीनवरच्या खिडक्या ओळखायला शिकवते. खिडकीच्या वरच्या पट्टीवर अमुक शब्द दिसले, की हीच ती खिडकी.

इथे पट्टीवर वॉर्डाचं नाव असतं आणि पुढे पहिल्या खाटेवरच्या पेशंटचं. खूण म्हणून मी चुकून नावासकट अख्खी ओळच उचलली होती. इंदुमती आजी तीन आठवडे त्या खाटेवर होत्या, म्हणून चूक कळली नाही. काल संध्याकाळी त्या गेल्या, आणि पट्टीवरचं नाव बदललं.

त्यांच्या खाटेशेजारी वाकून मी वायर लावत होते, तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "कुणाची गं तू, बाळ?" आडनाव, गाव, वडील, एवढं सांगितलं असतं तर त्यांनी मला ओळखीपाळखीत कुठेतरी बसवलं असतं. इंग्रजी शाळेत वाढलेल्या मला अशा प्रश्नांचं उत्तर पटकन सुचत नाही. मी नुसती हसले. त्यांनी डोळे मिटले.

मी प्रोग्राममधलं त्यांचं नाव एकेक अक्षर मागे जात पुसलं आणि तिथे स्टारचं चिन्ह टाकलं. स्टार म्हणजे, इथे काहीही चालेल. खिडकी लगेच उघडली.

"झालं का गं?" नंदा सिस्टरांनी विचारलं.

"हो सिस्टर," मी म्हणाले, "आता पहिल्या खाटेवर कुणीही असलं तरी चालेल."