तपासायला कुणाला आणू?

महिनाभर खोकला हटेना. बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधल्या माझ्या डॉक्टरांना टीबीचा संशय आला आणि त्यांनी मोठ्या हॉस्पिटलसाठी चिठ्ठी दिली. तिथल्या सिस्टरने फॉर्म पुढे ओढून हिंदीत विचारलं, "घरात कोण कोण आहे? टीबी निघाला तर सगळ्यांना तपासायला आणावं लागेल."

"एकटीच राहते."

"ऑफिसात शेजारी कोण बसतं?"

"काम घरूनच करते."

"गप्पा मारायला कुणी येत असेल की!"

मी चिडलेच. "डबा येतो. तोही दाराबाहेर ठेवून जातात."

तिने रकान्यात आडवी रेघ मारली. "सरी अक्का, ठीक आहे," ती कन्नड मिसळत समजुतीच्या सुरात म्हणाली, "बरंच आहे. तुमच्यामुळे कुणाला धोका नाही."

बेंगळुरूत मला चार वर्षं झाली होती. माझा खोकला लागेल इतकं जवळ कुणी आलंच नव्हतं.