फ अक्षरासाठी कबरस्तानात: एका आत्याची नेल्सनवारी

माझ्या भाचीला दोन महिने नाव नव्हतं. तिची आई, म्हणजे माझी जर्मन वहिनी हायके, जुनं जर्मन नाव हवं म्हणत होती. आमच्या आईने पुण्याहून येतानाच पत्रिका करून आणलेली, अक्षरं भ, ध, फ, ढ. 'ढ'वरून नाव ठेवून पोरीचं वाटोळं करायचं नव्हतं. ईस्टर सोमवारी जॉन्सनव्हिलला भावाच्या घरी बारसं, आणि कानात नाव सांगणार मी, आत्या. तोवर एकमत झालं नाही तर सासू-सून बोलायच्या थांबतील, याची मला खरंच धास्ती होती.

हायके म्हणाली, समुद्रापलीकडे, नेल्सनच्या पुढे अप्पर मौटेरेला जुनी जर्मन वस्ती आहे, तिथे नावं शोधू. बारशासाठी मी अल्बनीच्या माझ्या घरून आलेच होते. शुक्रवारी सकाळी मी, भाऊ नंदू, हायके आणि ठमी (हे भाचीचं तात्पुरतं नाव) गाडीसकट फेरीबोटीत चढलो. आई गुडघ्यांमुळे घरी राहिली. ईस्टरला जाणार असाल तर फेरीचं बुकिंग आधीच करा. साडेतीन तास लागतात, त्यातला दीड तास नंदू डोळे मिटून होता. पिक्टनला उतरून वाटेत हॅवलॉकला शिंपल्या हाणल्या, पुढे वळणंच वळणं. मुक्काम नेल्सनला.

शनिवारी अर्ध्या तासात मौटेरे. द्राक्षमळे, चर्च आणि मागे कबरस्तान. हायके दगड वाचत अर्थ सांगत होती.

"गेरट्रूड. भाला आणि ताकद."

"पुढचं?"

"माटिल्डा. ताकद आणि लढाई. हेडविग, लढाई आणि परत लढाई."

"अगं, शांतपणे जगलेली एकही बाई नाही का तुमच्यात?" नंदू वैतागला.

मग कोपऱ्यात सापडली फ्रीडा. अर्थ शांती, अक्षर फ! हायकेने डिजिटल कॅमेऱ्यात फोटो काढला. मी आनंदाने ठमीचे मुके घेतले.

रविवारी घरी पोचल्यावर आईने विचारलं, "कुठे मिळालं नाव?" मी आणि नंदू 'एका पुस्तकात मिळालं' असं सांगायचं ठरवून आलो होतो. सरळमार्गी हायकेने कॅमेराच पुढे केला. आईने चष्मा लावला. मेलेल्या बाईच्या थडग्यावरचं नाव! आता संपलंच सगळं, असं मला वाटलं.

"किती जगली?"

"नव्वदच्या वर," हायके म्हणाली.

"मुलं?"

"नऊ. दगडावर लिहिलंय."

आईने चष्मा काढला. "नऊ नकोत. बाकी चालेल."

"स्वीट अ‍ॅज, आई," म्हणजे किवी बोलीत 'एकदम झकास', असं म्हणत हायकेने तिला मिठी मारली.

सोमवारी मी पाळण्यात वाकून कुर्रर्र करून नाव सांगितलं आणि चार बायकांनी रीतीप्रमाणे पाठीत धपाटे घातले. हायकेच्या ओळखीच्या, हॉस्पिटलमधल्या नर्स होत्या त्या, हात कसलेले. अल्बनीला येऊन आठवडा झाला तरी पाठ दुखत होती.

आई पुण्याला परतली ती त्या दगडाचा फोटो प्रिंट करून, पर्समध्ये घालून. नातीचं हे कसलं नाव, असं कुणी विचारलं की फोटो काढते आणि सांगते, "ही आमची थोरली फ्रीडा."