ऑटोतून आलेला राजकन्याचा आवाज

राजकन्या दुधमल कोण, असं नांदेडात विचारलं तर चार माणसंही सांगू शकणार नाहीत. आवाज मात्र घरोघरी पोचलेला. पोलिओचा डोस असो, साड्यांचा सेल असो, नाहीतर नळाला पाणी उशिरा येणार असो, भोंगा लावलेल्या ऑटोतून जी बाई बोलते ती हीच. बावीस वर्षं झाली. बारावी नापास. शिकवलं कुणी नाही, हिनं कुणाला विचारलंही नाही.

रेकॉर्डिंग करायचे खाजाभाई, आपल्या गादी कारखान्याच्या मागच्या खोलीत. चारी बाजूंनी कापसाच्या गाठी, भिंतीला टेकवलेल्या जुन्या गाद्या. आवाज घुमत नाही, बाहेरचा आत येत नाही. कामाची रीतही ठरलेली. मजकूर एकदाच वाचायचा, गावाच्या नावाची जागा कोरी सोडायची. नावं वेगळी वाचून ठेवायची: मुखेड, चाकूर, इस्लापूर, मग शहरातल्या सगळ्या वस्त्या ओळीनं. नंतर पाहिजे ते नाव पाहिजे तिथं बसवलं की काम फत्ते.

"मी अर्थ बघत नसते," राजकन्या ऐटीत सांगायची. "मी फक्त कुठं थांबायचं ते बघते."

या पावसाळ्याआधी धम्मप्रिया तिच्याकडं आली. कॉम्प्युटरची डिग्री घेतलेली, नोकरीची वाट बघून बघून चिडलेली पोरगी. कुणा जपानी विद्यार्थ्यांनी काढलेला एक सिनेमा तिला त्यांच्या परवानगीनं मराठीत आणायचा होता, आणि त्यातल्या पोरीला आवाज राजकन्याचा हवा होता.

"कार्टून हाय का?"

"कार्टून नका म्हणू मावशी. ॲनिमे."

"बरं बाई, ॲनिमे. त्या पोरीचे डोळे एवढाले कशानं गं? झोप न्हाई का तिला?"

"झोपच न्हाई. तीच तर स्टोरी हाय."

स्टोरी अशी: मियो ही रेल्वे स्टेशनावर घोषणा करणारी मुलगी. एक दिवस भोंग्यातून तिच्याच आवाजात एका गाडीची घोषणा होते. ती गाडी वेळापत्रकात नसते, पण फलाटावर येते. लोक चढतात, परत येत नाहीत. मियो सांगते, मी बोललेच नाही. आधी लोक विश्वास ठेवत नाहीत, मग तिचाच तिच्यावर राहत नाही. खरं कोणतं अन् भास कोणता, बघणाऱ्यालाही कळू नये असा सगळा खेळ.

त्या मंगळवारी दुपारी मियोचं मोठं वाक्य होतं: "हा आवाज माझा आहे. पण हे मी बोलले नाही." राजकन्यानं ते पहिल्याच दमात असं म्हटलं की धम्मप्रियाच्या हातावर काटा आला. मग चहा आला म्हणून दार उघडलं, आणि बाहेर रस्त्यावरच्या ऑटोतून राजकन्याचाच आवाज आत आला.

"खदाणपट्टी येथील माता-भगिनींनो, मी तुमच्यातलीच एक. माझं घर मी स्वखुशीनं सोडलं. पक्की खोली मिळाली. तुम्हीही सही करा, सुखी व्हा."

राजकन्याला आधी वाटलं, सिनेमातच आहे. तिनं कानाला हात लावला. हेडफोन तर टेबलावर होता.

खदाणपट्टी म्हणजे तिची स्वतःची वस्ती. अठ्ठावन्न घरं. तिथं मोठी दुकानं बांधायची म्हणून एका बिल्डरची माणसं महिनाभर संमतीचे कागद घेऊन हिंडत होती. कागद घेऊन हिंडणाऱ्यांना लाज नसते, हे वस्तीला ठाऊक होतं. म्हणून बायांनी एकी केली होती, आणि त्या एकीत सगळ्यात पुढं राजकन्या होती. सह्यांचा शेवटचा दिवस शुक्रवार.

ती घरी पोचली तेव्हा शेजारची धुरपताबाई नळावर उभीच होती.

"या, पक्क्या खोलीवाल्या! किल्ली दाखवा की आम्हाला."

"धुरपतामाय, मी न्हाई बोलले."

"मंग काय तुझं भूत बोलून राहिलं?"

राजकन्याला राग आला, पण त्या रागाला धार येईना. कारण 'मी बोलले नाही' म्हणताना तिला स्वतःचीच खात्री वाटत नव्हती. ते वाक्य जिभेला ओळखीचं लागत होतं. रात्रभर ते तिच्या तोंडात घोळलं.

सकाळी धम्मप्रिया धावत आली. "मावशी, सोपं हाय. एआयनं केलं म्हणा. आजकाल कुणीबी मानतंय. मी लिहून देते तसं."

वस्ती मानायला तयारही झाली असती. पण राजकन्या खाजाभाईंकडं गेली आणि जुन्या फायली उघडायला लावल्या. चार वर्षांपूर्वीच्या जानेवारीत ते सापडलं. कोरी जागा, मग "येथील माता-भगिनींनो", आणि पुढं सगळं तेच. काम लातूरच्या चिंचबन वस्तीसाठी घेतलेलं. 'खदाणपट्टी' हे नाव पोलिओसाठी वाचलेल्या वस्त्यांच्या यादीतून उचलून जागेवर बसवलं होतं.

"आपा, बिल्डरच्या माणसांनी जोडलं," खाजाभाई म्हणाले. "तुमचा काय कसूर?"

"आवाज माझा हाय, खाजाभाई. बोललेबी मीच."

सिनेमातली मियो शेवटपर्यंत 'मी नाही' म्हणते आणि त्याच गाडीत बसून जाते. राजकन्याला ती पोरगी एकदम आवडेनाशी झाली.

संध्याकाळी समाजमंदिरापुढं बाया जमल्या तेव्हा तिनं माईक न घेताच सांगून टाकलं. "ते मीच वाचलंय. आपल्यासाठी न्हाई, लातूरच्या बायांसाठी. कागद दिला, वाचला. घर मी कधीच सोडलं न्हवतं."

कुणी थू केलं. कुणी उठून गेलं. धुरपताबाई मात्र बसून राहिली. "त्या लातूरच्या बायांना खोल्या भेटल्या का गं?"

"ठाऊक न्हाई."

"मंग जाऊन बघ की. तुझ्या बोलण्यावर गेल्या त्या."

गुरुवारी पहिल्या एसटीनं राजकन्या आणि धुरपताबाई लातूरला निघाल्या. चिंचबनच्या जागी आता गाळे होते. चहावाल्यानं हात करून दाखवलं: रिंगरोडच्या पलीकडं, पत्र्याची शेडं. पहिल्याच शेडात गंगम्मा नावाची बाई ज्वारी पाखडत होती. बरीच म्हातारी, कपाळावर विभूतीची आडवी बोटं.

"आजी, चिंचबनच्या बाया इथंच राहतात का?"

सूप थांबलं. गंगम्मानं वर बघितलं, तोंडाकडं नाही, जरा बाजूला, ऐकल्यासारखं.

"तूच ती," ती म्हणाली. "पक्की खोली मिळालेली."

"हाव. मीच."

"कुठाय तुझी खोली?"

"न्हाई, आजी. न्हवतीच कधी."

"आम्हालाबी न्हाई. सहा महिने म्हणले, चार वर्सं झाली." तिनं पत्र्याकडं हात केला. "म्हण की परत एकदा. इथं, माझ्यापुढं. तेच म्हण."

राजकन्यानं मान खाली घातली आणि सुरुवात केली. "मी तुमच्यातलीच एक. माझं घर मी…" पुढचा शब्द येईना. पुन्हा मागून धरलं, पुन्हा तिथंच अडलं. धुरपताबाई तिच्याकडं बघत राहिली. हिला असं अडखळताना तिनं कधी ऐकलं नव्हतं.

गंगम्मानं सूप बाजूला सारलं आणि बसायला पोतं पुढं केलं. "राहू दे. रडू नको. कशात भरतात तुमचे आवाज, मोबाईलात? लाव. आता मी बोलते."

राजकन्यानं मोबाईल लावून मधे ठेवला. गंगम्मा पाऊण तास बोलली, न थांबता; जिथं थांबायला पाहिजे तिथंही थांबली नाही.

शुक्रवारी सकाळी खदाणपट्टीत ऑटोचा भोंगा वाजला, तो गंगम्माच्या आवाजात. बाया दारात येऊन ऐकत होत्या. कागदवाले दुपारपर्यंत खुर्च्या टाकून बसले, मग खुर्च्या उचलून गेले.

धुरपताबाई अजून तिच्याशी नळावर सरळ बोलत नाही. सिनेमातलं मियोचं शेवटचं वाक्य तेवढं राहिलंय. धम्मप्रिया रोज फोन करते, आणि राजकन्या म्हणते, "थांब गं. आधी त्याचा अर्थ सांग मला."