अंगठा उठत नव्हता

“अहो, हिचा अंगठासुद्धा धड उठत नाही,” असं बाई म्हणाल्या आणि वर्गात हशा पिकला.

हसणारे पालक होते. शिकलेसवरलेले, इस्त्रीचे कपडे घालून आलेले. माझी आये टेबलापाशी वाकून उभी होती. शाईच्या पॅडवर अंगठा दाबत होती, कागदावर टेकवत होती, आणि कागदावर नुसता निळा डाग पडत होता. रेष एकही नाही. मी तिच्या बाजूला. सातवीतली. त्या दिवशी हसलेली दोन-चार तोंडं मला अजून रत्नागिरीच्या बाजारात दिसतात. मी त्यांना नमस्कार करत नाही.

अंगठा का उठत नव्हता ते सांगते. आये हातखंब्याच्या बाजूला काजूच्या कारखान्यात बिया फोडायची. काजूच्या टरफलात तेल असतं. काळं, जहाल. ते लागलं की कातडी जळते, सोलवटते, नवी येते, तीही जळते. हाताला राख लावा नाहीतर तेल चोळा, थोडंफार लागतंच. वर्षानुवर्षं हे केलं की बोटांची टोकं गुळगुळीत होतात. आमच्या वाडीतल्या निम्म्या बायकांचे अंगठे असेच होते. तुम्ही शिऱ्यावर पांढरेशुभ्र काजू लावता ना, ते ह्याच बोटांमधून आलेले असतात.

त्यात आयेने एक चूक केली. बाईंच्या कागदाला काळं लागू नये म्हणून ती निघताना हातांना खोबरेल चोळून आली होती. ठेवणीतलं पातळ नेसून, कारखान्यात खाडा करून, शाळेत नीट दिसावं म्हणून. त्या तेलावर शाई कुठली बसायला?

साल अठ्ठ्याण्णव. सातवीची पहिली पालकसभा. शाळा शहरातली, नावाजलेली. दारात मोठा फळा, त्यावर शिष्यवृत्तीचा निकाल, शंभर टक्के. बाकांवर शहरातले पालक बसले होते. आम्ही मागे, भिंतीला टेकून. बसा असं आम्हाला कुणी म्हटलं नाही.

बाईंनी फळ्यावर सुरेख अक्षरात लिहिलं होतं, ‘सातवीच्या वर्षी पालकांनी काय अपेक्षा ठेवावी?’ मग त्या बोलल्या. “मुलांना अभ्यासाला वेगळी खोली द्या. निदान टेबल-खुर्ची तरी द्या. संध्याकाळी टीव्ही बंद ठेवा. रोज दूध द्या.” आयेने प्रत्येक वाक्याला मान डोलावली. आमच्याकडे कोंबड्यांच्या डालग्यावर पाट ठेवून मी लिहायची. खालून कोंबड्या कुरकुरायच्या. तरी ती मान डोलावत राहिली. मला तिचा राग आला. आणि तिची दयाही आली, हे जास्त वाईट होतं.

“आणि एक,” बाई म्हणाल्या, “ह्या वयात मुलं उलट बोलायला लागतात. हे धरूनच चाला. मनाला लावून घेऊ नका.” बाकांवरचे बाप कौतुकाने हसले. त्यांची मुलं उलट बोलणार होती आणि ते कौतुकाचं होतं.

मग कागद निघाले. दोन गठ्ठे. पहिल्या गठ्ठ्यावर बाकांवरच्यांनी बसल्या जागी सह्या केल्या. त्यांना चहा आला. मग बाईंनी दुसरा गठ्ठा काढला आणि म्हणाल्या, “आता वाडीवरचे या.” आमचं नाव नाही, मुलीचं नाव नाही. वाडी सांगितली की कोण ते सगळ्यांना कळायचं, म्हणून पुढचं विचारायची गरज नसायची.

आमच्या वाडीतल्या दोघीजणी आयेच्या पुढे होत्या. “नेहमीचाच कागद आहे, करून टाका,” बाई म्हणाल्या. त्या शेताभातात जाणाऱ्या, काजूच्या कामाला नव्हत्या. त्यांचे अंगठे उठले. झालं त्यांचं. मग आये.

एकदा डाग. दोनदा डाग. बाई ते वाक्य बोलल्या, लोक हसले. मग बाईंनी फळा पुसायचं फडकं उचलून तिच्यापुढे टाकलं. “आधी पुसा तो हात.” आयेने फडक्याने हात पुसला. हात खडूने पांढरा झाला. पांढऱ्यावर शाई. तिसरा डाग.

एवढ्या वेळात मी कागद वाचला. अंगठा पहिल्याच खेपेला उठला असता तर वाचला नसता. त्यावर लिहिलं होतं, ‘माझ्या पाल्याची बौद्धिक कुवत बेताची असल्याने तिला शिष्यवृत्ती परीक्षेस बसवू नये, अशी माझी स्वतःची इच्छा आहे.’

पुन्हा वाचलं. सहावीत गणितात वर्गात सगळ्यांत जास्त गुण मला होते. पेपर ह्याच बाईंनी तपासला होता. दारातल्या फळ्याचे शंभर टक्के कुठून येतात ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

आयेने हळूच विचारलं, “काय गो, काय लिवलंय?”

“वाचून काय करणार तुम्ही?” बाई म्हणाल्या. “मुलीच्या भल्याचंच आहे.”

आयेने चौथ्यांदा अंगठा पॅडवर दाबला. मी तिचं मनगट धरलं.

“आये, थांब. ह्यात लिवलंय, माजी पोर मठ्ठ हाय, तिला परीक्षेला बसवू नुका. आनि ह्ये तू सांगतंस, आसं लिवलंय.”

आयेने कागदाकडे बघितलं, मग बाईंकडे. “आसं मी कदी बोलले?”

बाई बाकांकडे वळून हसल्या. “बघा. मगाशी म्हटलं ना, उलट बोलायला लागतात. त्यातून घरचं वळण.”

“मी उलट नाय बोलत,” मी म्हटलं. “तुमी लिवलंय तसं वाचतंय.”

मी कागद उचलला, घडी घातली, दप्तरात टाकला. “दे इकडे,” बाई ओरडल्या. मी दिला नाही.

एसटी स्टँडवर आयेने मला एक मुस्काटात मारली. शाळेतून नाव काढतील ह्या भीतीने मारली, हे मला तेव्हाही कळलं. मग बाकड्यावर बसून ती कितीतरी वेळ स्वतःचा अंगठा बघत राहिली. गाडी लागली तेव्हा म्हणाली, “आता कंचाबी कागद आसूदे, आदी मला वाचून दाव.”

त्या वर्षी मी परीक्षेला बसले. जादा तासाला मला आत घेतलं नाही. मी व्हरांड्यात खिडकीखाली बसून ऐकायची. शिष्यवृत्ती मिळाली नाही. “हिच्यामुळे फळ्यावरचा आकडा गेला,” असं बाईंनी भर वर्गात सांगितलं. मला लाज वाटली नाही. आजही वाटत नाही.

लाज दुसऱ्याच गोष्टीची वाटते. त्या दोघींचे अंगठे उठले तेव्हा मी तिथेच उभी होते. वाचता येत होतं आणि वाचलं नाही. त्यांतल्या एकीची मुलगी माझ्या शेजारी बसायची. माझ्याइतकीच हुशार. आपल्या आईनेच आपल्याला मठ्ठ लिहून दिलं, असं तिला वर्षभर ऐकवलं गेलं. सातवीनंतर तिने शाळा सोडली. आता ती आयेच्या जागेवर काजू फोडते. तिचाही अंगठा आता उठत नाही.

मी डी.एड. केलं. शिक्षिका झाले. बारा वर्षांनी त्याच शाळेत लागले आणि यंदा माझ्याकडे सातवी आहे. परवा मुख्याध्यापकांनी बोलावून दोन गठ्ठे हातात दिले. “बाई, ही आपली पद्धत आहे. दुसरा गठ्ठा शेवटी काढा.” मजकूर तोच. फक्त आता संगणकावर छापलेला.

मी पर्समधून माझा जुना कागद काढून त्यांच्या टेबलावर ठेवला. निळे तीन डाग. “हे काय?” त्यांनी विचारलं. “सही,” मी म्हटलं. ते म्हणाले, नोकरी नवी आहे, जपून. मी कागद परत घेतला आणि त्यांचा दुसरा गठ्ठाही उचलून आणला. तो माझ्या कपाटात आहे आणि किल्ली माझ्याकडे आहे.

शनिवारी पालकसभा आहे. बाकं सगळ्यांना पुरतील एवढी मांडून घेतली आहेत. त्या गठ्ठ्यातला एक कागद मी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचणार आहे, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. मग फळ्यावर तोच प्रश्न लिहीन आणि उत्तर एवढंच देईन. ह्या वर्षी तुमची मुलं उलट बोलतील. बोलू द्या. कुणापुढे बोलायचं ते मी त्यांना शिकवणार आहे.