गेणबा आबांचा तांबडा ठिपका

न्हावऱ्याच्या पलीकडच्या वस्तीवर ऊस तुटून गेला की मागं राहिलेलं पाचट पेटवायचं, ही रीत कुणी शिकवली नव्हती आणि कुणी मोडायला सांगितलीही नव्हती. सकाळी काडी लावायची, दुपारपर्यंत रान काळं, संध्याकाळी घरातल्या दुधावर काजळी. मग कंपनी आली. युरोपातली कुठलीशी विमान कंपनी आकाशात धूर सोडते. तो सुटलाच नाही असं धरता यावं म्हणून तिला दुसरीकडचा न निघालेला धूर विकत घ्यावा लागतो. असा माल शिरूर तालुक्यात मुबलक निघेल, हे पुण्यातल्या एका कंपनीच्या लक्षात आलं. शेतकऱ्यानं पाचट न पेटवता रानातच कुजवायचं, पेटवलं की नाही ते उपग्रहानं वरून बघायचं आणि हंगामाच्या शेवटी अशा शेतकऱ्यांच्या सगळ्या गटाला मिळून मोबदला यायचा.

वस्तीवर हे समजावून सांगायचं काम ललिताकडं आलं. बारावी झालेली, बचत गटाची सचिव आणि मुख्य म्हणजे नाही म्हणणाऱ्याच्या ओट्यावर तिसऱ्यांदा जायला न लाजणारी. तिला सगळ्यात जास्त हेलपाटे घालावे लागले ते स्वतःच्याच घरात. सासरे गेणबा आबा म्हणजे पाचट पेटवण्यातला अधिकारी माणूस. वारा कुठला, काडी कुठल्या कोपऱ्याला लावायची, हे लोक त्यांना विचारून करत.

"पाचट ठिवलं तर उंदरं हुत्यात," आबा म्हणायचे.

"उंदरं पेटवल्यावर पण होतात, आबा. भाजून दुसऱ्याच्या रानात जातात एवढंच."

यावर आबा हसले आणि माणूस हसला की निम्मा आपला, हे ललिताला माहीत होतं. तिनं एका तुकड्यात पाचट ठेवून दाखवलं. उन्हाळ्यात ओल टिकली. पुढच्या साली आबा स्वतःच लोकांच्या काडेपेट्या काढून घेत फिरू लागले. नव्यानं वळलेला माणूस जरा जास्तच कडक असतो. वस्तीवर गटाबाहेर उरला फक्त हौशीराम आप्पा, आबांचा जुना जोडीदार. "आभाळातल्या मशिनीला भिऊन मी रान पेटवायचं सोडू व्हय?" असं म्हणून तो दरसाल ठरल्या दिवशी काडी लावायचा. त्याचा धूर ललिताच्या घरावरून जायचा आणि तो जाईल याची आप्पा काळजी घ्यायचा.

यंदा ऊस तुटला आणि आठवड्यातच आबा गेले. चहा मागितला आणि चहा येईपर्यंत नव्हते.

मला माझ्या रानात अग्नी द्या, हे त्यांनी बऱ्याच आधी सांगून ठेवलं होतं. वस्तीवर तशी रीतच आहे. ज्यानं जी माती कसली त्यानं तिच्यातच जायचं. आता रानात सगळीकडं पाचट. ट्रॅक्टरवाल्या वजीरनं मशीन घालून मधोमध जागा मोकळी केली. चोहोबाजूंनी पाणी मारायचं ठरलं होतं, पण त्या दिवशी लाईट रात्रीची होती, दिवसा मोटार बंद. सरण पेटलं, माणसं हात जोडून उभी राहिली आणि वारा फिरला. ठिणगी उडाली ती थेट पाचटात. मग मागून आलेले पाहुणे टोप्यांसकट लिंबाचे डहाळे घेऊन धावताना दिसले. चार-पाच गुंठे जळाल्यावर आग आटोक्यात आली. धापा टाकत हौशीराम आप्पा म्हणाला, "गेणबानं जाता जाता पाचट पेटवलंच की!"

अंत्ययात्रेत कुणी हसू नये. पण हसले. दाराशी बायकांत बसलेल्या आबांच्या बायकोपर्यंत, अनसाबाईपर्यंत, ते हसू पोचलं आणि ती पदर तोंडाला लावून हसली की रडली, ते ललितालाही कळलं नाही.

सावडण्याच्या दिवशी ललिताच्या फोनमधल्या कंपनीच्या नकाशावर त्यांच्याच रानात आगीचा तांबडा ठिपका उमटला.

नियम सरळ होता. आगीचं कारण आठवड्यात कळवायचं. कारणं चारच दिली होती: अपघात, शॉर्ट सर्किट, शेजारच्या रानातून आलेली आग आणि हेतुपुरस्सर. हेतुपुरस्सर निघाली की सगळा गट त्या हंगामापुरता बाद. ललितानं विचार केला. ठिणगी अपघातानं उडाली, पण सरण हेतुपुरस्सरच पेटवतात.

पुण्याहून कंपनीच्या पृथ्वीराजचा फोन आला. पोरगा सज्जन होता. आधी आबांबद्दल वाईट वाटलं म्हणाला, मग म्हणाला, "ताई, शॉर्ट सर्किट करून टाका. सगळीकडं तेच करतात. सिस्टिम लगेच क्लिअर करते."

"लाईट नव्हती त्या टायमाला."

"ते सिस्टिम विचारत नाही, ताई."

ललिताला हीच भीती होती. सिस्टिम विचारत नव्हती, पण वस्ती बघत होती. आज तिनं हे लिहिलं, तर पुढच्या साली वीज असो नसो, घरटी एक शॉर्ट सर्किट झालं असतं. आणि मग तिनं कुणाच्या ओट्यावर कुठल्या तोंडानं जायचं? पण खरं लिहावं तर सगळ्यांच्या हंगामावर पाणी, आणि आबांची चिता गुन्ह्यात जमा. ती रात्रभर जागी वगैरे राहिली नाही. सकाळी सरपंचांकडं गेली आणि ग्रामसभेत विषय घ्यायला लावला.

शाळेच्या पटांगणात सभा भरली. ललितानं जे घडलं ते सांगितलं. "माझा तुकडा यंदा गटातून काढायचा आन् कारण खरं तेच कळवायचं, असा ठराव द्या. कंपनी ऐकंल का न्हाई, सांगता येत न्हाई. न्हाई ऐकलं तर सगळ्यांचं जाईल. म्हणून इचारतीय."

कुजबूज झाली. मागून हौशीराम आप्पा ओरडला, "का गं, त्या उपग्रहाला सुतक लागत न्हाई का?"

"तुम्ही गटात न्हाई, आप्पा. गप बसा."

"गावात हाय की न्हाई?"

"शॉर्ट सर्किट लिहून मोकळी हो, वैनी," कुणीतरी बोललं. "आबा काय तक्रार करायला येणार हायेत?"

तेव्हा अनसाबाई उठली. नवरा जाऊन पंधरवडाही झालेला नव्हता. ती सभेला आली हेच पुष्कळांना रुचलं नव्हतं. "अपघात न्हाई आन् शार्ट न्हाई," ती म्हणाली. "त्येंना त्येंच्या पोरानं अग्नी दिला, ठिणगी वाऱ्यानं उडाली. हाय तसं लिव्हा. माझ्या नवऱ्याला अपघात म्हणायचा हक्क फकस्त मला हाय."

त्यानंतर शॉर्ट सर्किटचं नाव कुणी काढलं नाही. वजीर म्हणाला, "वहिनी, आणि एक लिहा. यापुढं रानात अग्नी द्यायचा असला तर मी जागा दुप्पट मोकळी करून देईन, टँकर उभा करीन. भाडं घेणार नाही. आबांच्या टायमाला मी घाई केली." हात वर झाले. काही उशिरा झाले, पण झाले.

ठराव पुण्याला गेला, तिथून आणखी कुठं कुठं गेला. पृथ्वीराज मधूनमधून फोन करून सांगायचा की फाइल आता अमुक देशात आहे. आबा जन्मात दौंडच्या पुढं गेले नव्हते. हंगाम संपता संपता उत्तर आलं. ललिताचा तुकडा यंदापुरता बाद, गट कायम, वजीरचा नियम मान्य. आणि कारणांच्या यादीत पाचवं कारण वाढवलं होतं: 'सांस्कृतिक औष्णिक घटना'.

ललितानं ते सासूला वाचून दाखवलं.

"म्हंजी काय?"

"म्हंजी आबा."

अनसाबाईनं ते शब्द एकदा मनाशी म्हणून बघितले. "नाव मोठं ठिवलं," ती म्हणाली आणि गुरांना वैरण टाकायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौशीराम आप्पा ओट्यावर येऊन बसला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ललिताला त्याच्याकडं जावं लागलं नव्हतं. चहा निम्मा झाल्यावर तो म्हणाला, "ते वजीरचं मशीन आन् टँकर, ते गटाबाहेरच्याला मिळतं का?"

"वजीरभाई कुणाला न्हाई म्हणायचे न्हाईत, आप्पा. पण बाहेरच्याच्या रानात त्याचा उपयोग काय? तुम्ही तर आधीच सगळं जाळून ठेवता. ठिणगी पडायला पाचट उरतं कुठं?"

आप्पानं बशी खाली ठेवली. त्यानं बराच वेळ आबांच्या रानाकडं पाहिलं.

"ल्ही माझं नाव," तो म्हणाला. "आन् वजीरला सांग, जागा चांगली रुंद कर म्हणावं. मी गेणबापेक्षा अंगानं मोठा हाय."