काटा चढला

खालापूरला गॅरेज चालवणारे आमचे मिस्त्री इंजिनाशीसुद्धा भांडतात. यंदाच्या थंडीत माझा ट्रक कर्जतहून खालापूरला पोचला तरी इंजिन गरम होईना, डिझेल मात्र ढोसत होतं. मिस्त्रींनी रेडिएटरचा पाइप चाचपला, नट खोलले आणि गरजले, "आत थर्मोस्टॅटच नाय! इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणार कोण? कुणा गाढवानं काढला?"

"उन्हाळ्यात इंजिन लई तापतंय म्हणून तुमीच काढलेला, मिस्त्री."

मिस्त्रींनी खदाखदा हसत स्वतःच्याच कानाखाली मारून घेतली. नवा थर्मोस्टॅट बसवून त्यांनी इंजिन सुरू केलं. हळूहळू तापमानाचा काटा हलला आणि मधोमध येऊन थांबला.

"चढला रं, चढला!" म्हणत त्यांनी भोंगा असा दाबून धरला, की समोरच्या चहावाल्यानंही टाळ्या वाजवल्या.